सातव्या आठवड्याचा व्हिडिओ

चष्मेवाल्यांचा सारा जन्म काचा घासण्यात गेला. दुकान तसं एवढंसंच होतं. पुढे फ्रेमा लावलेली भिंत, एक आरसा, दोन खुर्च्या, आणि पडद्यामागे काचा कापायचं न् घासायचं यंत्र. पण त्यांच्या हातच्या चष्म्याची कुणी तक्रार केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकदा एका आजोबांच्या डाव्या काचेचा कोन जरासा सरकला होता. आजोबांना पत्ताही नव्हता, ते खुशीत नवा चष्मा घालून घरी गेले होते. चष्मेवाले दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, चूक माझी म्हणाले आणि चष्मा परत घेऊन आले. बायको गमतीने म्हणायची, यांना खोटं बोलायला लावलं तर तोंड उघडायच्या आधी कान लाल होतात.

असा माणूस. म्हणून तर पुढे जे झालं त्याचं सगळ्यात जास्त नवल त्यांना स्वतःलाच वाटलं.

बेस गिटारचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते चौपन्नाव्या वर्षी. काचा पुरवणाऱ्या कंपनीने दुकानदारांना एका हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. चष्मेवाले उशिरा पोचले आणि त्यांना जागा मिळाली ती थेट स्पीकरच्या बाजूला. चार जण वाजवत होते, सगळ्यांच्या नजरा गाणारीवर. पण खुर्चीच्या पायांतून वर चढत त्यांच्या छातीत जो आवाज येऊन बसला, तो मागे उभ्या असलेल्या एका जाड्या गृहस्थाचा होता. लांब दांडीची चार तारांची गिटार गळ्यात अडकवून, रिक्षाची वाट बघत असल्यासारखा तो उभा होता. मध्येच पाणी प्यायला तो थांबला, आणि गाण्याच्या पायाखालची जमीनच कुणी काढून घेतली की काय असं चष्मेवाल्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मागे उभं राहायचं, कुणी बघायचं नाही, वाद्य तुमच्या मापाचंच दिसतंय. महिन्याभरात गिटार घरात आली.

शिकवणी ऑनलाइन होती. बारा आठवड्यांचा वर्ग, नाव ‘मोठ्यांसाठी पहिल्यापासून’. सर होते सत्तावीस वर्षांचे. विद्यार्थी बावीस, त्यातले निम्मे सरांच्या वडिलांच्या वयाचे. रविवारी सकाळी सगळे स्क्रीनवरच्या छोट्या चौकोनांत जमत. कुणाच्या मागे कपाट, कुणाच्या मागे वाळत घातलेले टॉवेल. दर आठवड्याला सर दोन रेकॉर्डिंग पाठवत. एक ऐकायचं, त्यात बेस सरांनी स्वतः वाजवलेला असे. दुसरं तेच, पण बेस काढून टाकलेलं. त्या रिकाम्या जागेत आपण वाजवायचं, हातांवर फोन रोखून मिनिटभराचा व्हिडिओ करायचा आणि शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा.

पहिल्याच आठवड्यात चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की काच घासणं सोपं. तारा चपलेच्या वादीसारख्या जाड. करंगळीला तर आपण हातात आहोत हेच माहीत नसावं. वर्गात त्यांच्याइतकं वाईट वाजवणारं एकच माणूस होतं, बसताई. दुसऱ्या गावात शाळेची बस चालवणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाई. बसवाल्या बाई बेस शिकतात, यावर वर्गाने पहिल्याच दिवशी हसून घेतलं होतं आणि नाव पडलं ते पडलंच. मुलांना सकाळी शाळेत सोडलं की दुपारपर्यंत बस शाळेमागे उभी असायची. ताई मागच्या लांब बाकावर बसून, फोन पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून सराव करायच्या. त्यांच्या व्हिडिओत मागे खिडकीच्या काचेवर कुण्या पोराने बोटाने काढलेलं मांजर दिसायचं.

तिसऱ्या आठवड्यात चष्मेवाले वर्ग सोडायला निघाले होते. ताल हातात येईना. चारपर्यंत मोजताना तीनवरच बोट घसरायचं. ताईंनी त्यांना आपणहून फोन केला. म्हणाल्या, आकडे मोजूच नका दादा. मी माझे थांबे म्हणते. शाळा, फाटक, पाण्याची टाकी, चौक. फाटकाला जास्त वेळ थांबलं की टाकीवरची पोरं ओरडतात. तुमचे कुठले थांबे आहेत ते बघा. चष्मेवाल्यांचे स्वतःचे थांबे नव्हते, त्यांनी ताईंचेच घेतले. काचा घासताना ते पुटपुटायला लागले, शाळा, फाटक, टाकी, चौक. आठ दिवसांत हात जागेवर आला. तेव्हापासून दर बुधवारी दुपारी फोन ठरलेला. दोघं एकमेकांना आपापल्या चुका वाजवून दाखवत आणि पोट धरून हसत. ताई म्हणत, आपण दोघं शेवटून पहिले, तो मान कुणाला द्यायचा नाही.

सातव्या आठवड्याचं गाणं अवघड होतं. शनिवारी दुपारी दुकान बंद करून चष्मेवाले पडद्यामागे बसले. अकरा वेळा फसले. बाराव्यांदा शेवटपर्यंत गेले, थांबले आणि फोन उचलून ऐकलं. ऐकतात तो काय, झकास. प्रत्येक सूर जागच्या जागी, भरदार, गोल. दहा सेकंद त्यांचा स्वतःवर विश्वास बसला. मग त्यांना दिसलं की बोट तारेला लागायच्या आधीच सूर निघतोय. त्यांनी चुकून सरांचा बेस असलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं. आणि सकाळी धूळ पुसताना गिटारच्या छोट्या स्पीकरचा आवाज जवळजवळ बंद झाला होता. ऐकू येत होते ते सर.

पुसून टाकायला त्यांनी बोट पुढे केलं, एवढ्यात पडदा सरकला. बायको मागच्या दाराने चहा घेऊन आली होती. कप हातातच धरून ती उभी होती.

“अहो, हे तुम्ही वाजवलंत?”

तिच्या तोंडावर असं काही होतं, जे त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “हं.”

एकदा हं म्हटलं की पुढचं सोपं होतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. आत्ता हा पाठवू, उद्या नीट वाजवून दुसरा पाठवू आणि सरांना सांगू, असं त्यांनी मनाला समजावलं आणि पाठवला. उद्या उजाडला रविवार घेऊन. सरांनी वर्ग सुरू होताच सगळ्यांना गप्प बसवलं आणि तो व्हिडिओ लावला. स्वतःचाच हात सरांना कसा ओळखू आला नाही, हे कोडं चष्मेवाल्यांना पुढे कितीतरी दिवस सुटलं नाही. कदाचित शिष्य आपल्यासारखं वाजवतोय म्हटल्यावर शिकवणारा फार खोलात जात नसेल. सर म्हणाले, “काकांकडे बघा. सात आठवड्यांपूर्वी यांना गिटार धरता येत नव्हती. यांना जमतं तर कुणालाही जमेल.”

बावीस चौकोनांत टाळ्या झाल्या. ताईंनी सगळ्यात जोरात वाजवल्या. त्या मान वर करकरून हसत होत्या. पण वर्ग संपायच्या बराच आधी त्यांचा चौकोन नाहीसा झाला.

बुधवारी फोन आला नाही. चष्मेवाल्यांनी केला, तो उचलला गेला नाही. गुरुवारी ताईंचा मेसेज आला. दादा, मनापासून आनंद झाला. माझ्या मुलीलाही तुमचा व्हिडिओ दाखवला. मला इतके दिवस वाटायचं की आपल्या वयाला हे असंच असतं, हळूहळू येईल. आता कळलं, वयाचं काही नाही, माझ्याच हातात ते नाही. मी थांबते. तुम्ही मात्र सोडू नका.

ते दुकानात उभ्या उभ्या वाचत होते. समोर एक मुलगी आरशात फ्रेम लावून बघत होती आणि त्यांना विचारत होती, ही बरी की ती बरी. त्यांना तिचं बोलणं ऐकूच आलं नाही. त्या दिवसात त्यांनी उत्तरं किती लिहिली न् किती पुसली त्याला गणती नाही. ‘ताई, एक सांगायचं होतं’ इथपर्यंत गाडी जायची आणि अडायची. रात्री त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. बायकोने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले. तिने शेजारणीला व्हिडिओ दाखवला होता, हे त्यांना त्याच जेवणात कळलं.

शुक्रवारी सरांचा फोन. नव्या वर्गाच्या जाहिरातीत काकांचा व्हिडिओ घालायचा होता. चष्मेवाले घाईघाईने नको म्हणाले.  सर हसून म्हणाले, काका, एवढा विनय बरा नाही. आणि दुपारी वर्गाच्या ग्रुपवर काकांच्या साधेपणाबद्दल सरांनी चार ओळी लिहिल्या. खाली अंगठ्यांची रांग लागली. चष्मेवाल्यांना कुणी भर चौकात कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी दुकानाला आतून कडी लावली, पडद्यामागे जाऊन स्टुलावर बसले आणि ताईंना फोन लावला. या खेपेला उचलला. मागे इंजिनाचा आवाज नव्हता, बस उभी असावी. त्यांनी श्वास न घेता सगळं सांगितलं. चुकीचं रेकॉर्डिंग, बंद झालेला आवाज, पाच वाजत आलेले. बायकोच्या चेहऱ्याबद्दल सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण ते तिच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं.

 ताईंनी एकच विचारलं.

“पाठवल्यावर कळलं, की कळल्यावर पाठवलंत?”

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती किती सोपी होती हे चष्मेवाल्यांना दिसत होतं. पाठवल्यावर कळलं म्हटलं असतं तर ताई हसल्या असत्या, बुधवार परत आला असता.

“कळल्यावर,” ते म्हणाले.

“तुम्ही मला मागे टाकलंत याचं काही नव्हतं, दादा,” ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “आपण दोघं सारखे आहोत, याचा मला आधार होता. तो गेला म्हणून मी सोडलं. आता सांगताय की तो गेलाच नव्हता.”

ताईंनी आपली गिटार शाळेच्या संगीताच्या खोलीत देऊन टाकली होती. पोरं वाजवायला लागली होती, आता परत कशी मागणार? चष्मेवाले म्हणाले, माझी घ्या, मी उद्याच घेऊन येतो. ताई म्हणाल्या, नको, तुमच्या अंगावरचं ओझं माझ्या घरात कशाला? मग मुलांची सुटायची वेळ झाली म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. शेजारणीला आपण कसं सांगायचं, एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, त्या दिवशी मी चहा घेऊन आलेच नसते तर पुसला असता ना तुम्ही? यावर त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

रविवारी वर्गात त्यांनी हात वर केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कान पेटले होते, स्क्रीनवर ते दिसतही होते. नंतर बेस नसलेलं रेकॉर्डिंग लावून तेच गाणं वाजवलं. दोन ठिकाणी तोल गेला, एका ठिकाणी साफ थांबले, पुन्हा पकडलं. कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा पार उतरला होता. आपलंच वाजवणं आपल्याला ओळखू आलं नाही, याची त्यांना जास्त लाज वाटत होती. एक निवृत्त पोस्टमन होते, ते घसा खाकरून म्हणाले, माझा मागचा व्हिडिओ तीन तुकडे जोडून केलेला आहे, लिहून ठेवा. वर्ग हसला आणि पुढे गेला. लोकांनी त्यांना माफ केलं, सहज केलं, आठवडाभरात विसरलेही. चष्मेवाल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. ज्या चौकोनाकडे बघून त्यांना बोलायचं होतं, तो चौकोन आता नव्हताच.

वर्ग बारा आठवड्यांनी संपला. चष्मेवाले नेमाने वाजवत राहिले. ताईंना महिन्या-दोन महिन्यांनी मेसेज करत, त्याचं उत्तर येई, नीट येई. बरी आहे. मुलगी परीक्षेत पास झाली. तुम्ही कसे. रागाचा एक शब्द नसे. पण बुधवारी फोन वाजायचा तो गिऱ्हाइकांचाच. आणि हाताला अजूनही ताल धरताना शाळा, फाटक, टाकी, चौक हेच लागायचं, दुसरे थांबे त्यांना सापडले नाहीत. उसनी घेतलेली वस्तू परत न केल्यासारखं वाटायचं, पण परत कशी करणार?

पुढच्या वर्षी घासायच्या यंत्राचा एक भाग आणायला त्यांना ताईंच्या गावी जावं लागलं. ताईंना भेटावं की नाही, फोन करावा की नाही, यात अर्धा प्रवास गेला. शेवटी केला. ताई म्हणाल्या, साडेतीनला शाळेमागे या, चारला पोरं सुटतात. समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होते दोघं. ताई स्क्रीनवर दिसायच्या त्याहून उंच निघाल्या. बसच्या पायरीशी उभं राहून दोघांनी चहा घेतला. रस्त्यांबद्दल बोलले, मुलीच्या कॉलेजबद्दल बोलले, ताईंच्या डोळ्यांना ऊन लागतं त्याबद्दल बोलले. बसच्या मागच्या बाकावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका ठेवलेला होता.

घंटा झाली. कप कचऱ्यात टाकत ताईंनी विचारलं, “अजून वाजवता?”

“वाजवतो. चुकतो बऱ्याचदा.”

“रोज?”

“रोज.”

ताईंनी मान हलवली. तोवर पहिली पोरं दप्तरं आपटत येऊन धडकली होती. एकाने चष्मेवाल्यांच्या पायावर पाय दिला. ताई वर चढल्या, सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला आणि पोरांना नावाने हाका मारत एकेकाला बसवायला लागल्या. चष्मेवाले बाजूला सरून भिंतीला टेकून उभे राहिले. बस निघताना ताईंनी हात केला. तो त्यांना होता की शाळेच्या दारावरच्या पहारेकऱ्याला, ते त्यांना नीट कळलं नाही. तरी त्यांनी हात वर केला, आणि बस वळेपर्यंत तो खाली घेतला नाही.