देसी गूळ

आमच्या घरात ‘देश’ म्हणजे महाराष्ट्र. पिढ्यान्‌पिढ्या काशीत काढल्या, तरी पाहुणे ‘देशातून’ येतात आणि लग्नाची स्थळं ‘देशातली’ असतात. आईनं हा देश कधी पाहिलेला नाही. तिचं माहेर मंगला गौरीपाशी, सासर रामघाटावर. मधे दोन-चार गल्ल्या. कुलदेवीला जायचं दरवर्षी ठरायचं आणि राहायचं. आधी बाबांच्या पाठशाळेपायी, मग माझ्या शाळेपायी.

मला नसत्या चौकशा करायची खोड. निवृत्त झाल्यावर ती बळावली. किराणा आणायला गेलो की मी पोत्यांवरचे शिक्के वाचत उभा राहतो. पोहे छत्तीसगडचे निघाले, साबुदाणा तमिळनाडूचा. तूरडाळीनं तर कमालच केली. ब्रह्मदेशातून जहाजानं, पुढे ट्रकनं, आणि आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही म्हणून शेवटी हमालाच्या डोक्यावरून.

“म्हणजे आपल्यापेक्षा डाळच जास्त घुमली की रे,” आई निवडता निवडता म्हणाली. “गूळ तेवढा आपल्या देशातला.”

हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. लग्नानंतरची पहिली देवीची वारी हुकली तेव्हा आईनं देवीला कबूल केलं होतं, मला येता येत नाही, पण नवरात्रात पुरण तुझ्या देशाच्या गुळाचंच करीन. ते तिनं एकदाही चुकवलं नव्हतं.

गेल्या नवरात्राच्या तोंडावर मी वाण्याला गुळाचंही विचारलं.

“ओ पार से आवत हौ, मास्टर साहब,” तो म्हणाला. म्हणजे गंगेच्या पलीकडून. आमच्या घाटावरून जो काठ दिसतो, त्याच्यामागच्या खेड्यातून.

“पर अम्मा से तो आप देसी कहते हैं?”

“त देसी ही तो हौ! मसाला-उसाला कुछ नाहीं.”

मी कपाळाला हात लावला. आई विचारायची, “देसी है न?” तो म्हणायचा, “एकदम देसी, अम्मा.” त्याचं देसी म्हणजे गावठी, बिनभेसळीचं. तिचं देशी म्हणजे देशातलं. इतकी वर्षं दोघंही खरंच बोलत होती. मी वाटभर हसलो आणि घरी येऊन आईला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

आई हसली नाही. हातातला गुळाचा खडा तिनं परत डब्यात ठेवला.

“मग मी देवीला कबूल काय केलं, आणि दाखवलं काय?” तिचे डोळे भरून आले. मला स्वतःचीच लाज वाटली. कुणी विचारलं होतं मला?

“आई, देवी काय पोत्यावरचा शिक्का बघते का?”

“तू बघतोस ना!”

पुरण त्याच गुळाचं झालं, कारण दुसरा कुठून आणणार? पण दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “गूळ येत होता म्हणून मी जायचा हट्ट नाही धरला. आता ने मला.”

सबब काढायला माझ्याकडे शाळाही उरली नव्हती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून खालच्या बर्थची दोन तिकिटं काढली. उद्या निघायचं.

आज ती पिशवी भरत होती. लुगड्यांच्या मधे तिनं कागदात गुंडाळलेली गुळाची ढेप ठेवली. तीच, ओ पारची.

“आई, तिकडे गुळाला काय तोटा? खरा देशातला भेटेल.”

“राहू दे,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तिनं हाच खाल्लाय. दुसरा नेला तर तिला वाटेल, ही कुणी भलतीच बाई आली.”