मामीची चिठ्ठी

संग्रहालयात पक्ष्यांच्या कातड्यांत कापूस भरणाऱ्या मामांचा दंडक एकच: आधी पायाला चिठ्ठी, मग सुरी. "अहो, खुद्द डार्विनसाहेब फसले!" ते नव्या माणसाला दटावायचे. "कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, ते धड लिहिलंच नाही. मग बसले बोटीवरच्या सोबत्यांच्या चिठ्ठ्या धुंडाळत."

मामांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे जागेचं नाव कळलं की चिठ्ठ्या मामी लिहायची, घरी, ओट्याशी बसून. ती दवाखान्यात होती त्या आठवड्यात नदीच्या दोन काठांवरून एकेक पक्षी आला, ते दोन्ही मामांनी चिठ्ठीवाचूनच सोलले. कापूस भरून होतोय तोच निरोप आला. मामी गेली होती.

परतल्यावर नदीच्या अलीकडचा कुठला अन् पलीकडचा कुठला, काही केल्या आठवेना. मामांनी अंदाजाने दोन चिठ्ठ्या खरडल्या, बांधल्या आणि वीस वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

निवृत्तीला चार दिवस उरले असताना संशोधन करणारी पोरगी दोन पक्षी हातात घेऊन धावत आली. मामांचा तिच्यावर भारी जीव.

"मामा, पलीकडचे सगळे जाड चोचीचे, अलीकडचे बारीक. हे दोनच उलटे! म्हणजे हे नदी ओलांडतात. माझा अख्खा प्रबंध यांच्यावर उभा राहणार!"

मामांनी दोन्ही चिठ्ठ्यांवरचं आपलं अक्षर ओळखलं. गप्प बसलं तर कोण विचारतंय? चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहील. पण पोरगी उद्या चारचौघांत तोंडघशी पडेल, त्याचं काय?

"ते नदीबिदी काही ओलांडत नाहीत गं," ते म्हणाले. "मीच चुकलो." आणि सगळं सांगून टाकलं.

पोरीचा चेहरा उतरला. दोन वर्षांची मेहनत होती, वाईट वाटणारच.

"काढून टाक त्या चिठ्ठ्या," मामा म्हणाले.

"जुनी चिठ्ठी काढायची नाही, तुम्हीच शिकवलंत." तिने दोन कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. 'जागा नक्की नाही,' असं लिहिलं. "तारीख?"

ती मामांना पाठच होती.

"आणि कारण?"

"खरं तेच लिही."

तिने सावकाश लिहिलं: 'तयार करणाऱ्याची पत्नी त्या दिवशी वारली.'

मामांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मामीने या कपाटांसाठी हजारो चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. तिच्याबद्दल कुणी लिहिलेली ही पहिलीच.

"दे इकडे," ते म्हणाले. गाठ त्यांनीच मारली.