भोंगा ज्याला नको म्हणेल

खुर्च्या विणणारा एक माणूस होता. वेताची खुर्ची बसून बसून फाटली की लोक त्याच्याकडे आणून टाकायचे. तो जुना वेत कापून काढायचा, नव्या पट्ट्या पाण्यात भिजत घालायचा, आणि मऊ झाल्या की चौकटीच्या भोकाभोकांतून ओवत आडव्या, उभ्या, तिरप्या अशा विणायचा की वाटावं, हे माणसानं नाही, कोळ्यानं केलंय. हे काम त्याच्या आजोबांचं, मग वडिलांचं, मग याचं. सगळी मेहनत बोटांची, तोंडाला काडीचं काम नाही. म्हणूनच की काय, दिवसभर साठलेलं सगळं रविवारी फुटबॉलच्या मैदानावर बाहेर पडायचं.

त्याला सगळे भोंगा म्हणत. उगाच नाही म्हणत. स्टँडमध्ये बसून हा ओरडला की पलीकडच्या टोकाचा गोलकीपर वळून बघायचा. बायको म्हणायची, "आमच्या दाराला बेल नाही, गरजच नाही. हे आले की चौकातूनच कळतं."

पण त्याचं एक होतं. खेळणाऱ्या पोरांना तो कधी वेडंवाकडं बोलला नाही. "पळतायत बिचारी, त्यांना कशाला?" सगळा राग कोचवर. कोच कुठलाही असो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. एकाच्या टोपीला नावं ठेवली, एकाच्या चालीला, एकाला तर सांगितलं की तुझ्यापेक्षा तो कोपऱ्यातला झेंडा बरा, निदान वारा आला की हलतो तरी. स्टँडभर हशा. आणि हशा मिळाला की भोंग्याला आणखी चेव.

एकदा काय झालं, पुढच्या दोन रांगा सोडून एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, मांडीवर पिशवी. अर्ध्या मॅचला उठली आणि हळूहळू पायऱ्या उतरून निघून गेली. भोंग्याला मागाहून कळलं की त्या दिवशी तो ज्याला झोडत होता, त्या कोचची ती आई. त्या दिवशी घरी येऊन तो धड जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, "पोट ठीक नाही." पुढच्या रविवारी ओरडला पुन्हा, सवय कुठे सुटते? पण ती म्हातारी त्याच्या मनात जाऊन बसली ती बसलीच.

तर त्याचं दुकान म्हणजे गावच्या फुटबॉल क्लबच्या लोकांचा अड्डा. कारण साधं. तिथे खुर्च्या होत्या. दुसऱ्यांच्याच, दुरुस्तीला आलेल्या, पण बसायला काय हरकत? विणून झालेल्यावर बसायचं, ओलीवर बसायचं नाही, नाहीतर बैठकीला झोळ पडतो. आणि दुसरा नियम असा की बोलायचं ते बसून. उभा राहून बोलणारा माणूस हमरीतुमरीवर येतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. पोस्टमन यायचा. बेकरीवाली यायची, केसांत पीठ तसंच. गाडी चालवायला शिकवणारा एक होता, त्याला ब्रेक म्हणत, कारण बोलता बोलता त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा.

या मंडळींची एक खोड होती. त्यांनी मनात पक्कं धरलं होतं की भोंग्याची जीभ उलटी लागते. त्यानं एकदाच काय ती एका कोचची तोंड भरून तारीफ केली आणि क्लब खालच्या गटात घसरला. पुढच्याला लाखोली वाहिली आणि तोच क्लबला परत वर घेऊन आला. आता कावळा बसायला आणि फांदी मोडायला, पण या लोकांना कोण सांगणार? मॅचच्या आधी बेकरीवाली लाडीगोडी लावायची, "भाऊ, एकदा म्हणा ना, आज आपण हरणार."

"का म्हणू? जिंकणार आपण."

"मेलो," म्हणायचा ब्रेक.

भोंग्याला एक मुलगी. लहानपणी त्याच्या शेजारी स्टँडमध्ये बसायची, मोठी झाली तशी मैदानात उतरली, गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. पण फुटबॉल सुटला नाही. दिवसभर फरशीच्या गोदामात काम करायची आणि सकाळ-संध्याकाळ क्लबच्या लहान पोरांना शिकवायची. कोचचं शिक्षणही रीतसर पुरं केलं. पोरं तिला ताई म्हणायची, मग सगळेच ताई म्हणायला लागले. तिची पोरं जिंकायची, पण लहान पोरांचं जिंकणं कोण बघतं? आईबाप आणि मैदानावरचं कुत्रं.

मग मोठ्या संघाचा कोच मधेच सोडून गेला. संघ तळाला, मॅच थोड्या उरलेल्या. क्लब सभासदांचा, मालक असा कुणी नाही. त्यामुळे तिथली पद्धत अशी की सभासदांनी एक नाव सुचवायचं, आणि कमिटी सहसा तेच मानते. लगेच दुकानात सभा भरली.

पोस्टमनचं म्हणणं, नावाजलेला जुना खेळाडू आणा, तो रिकामाच आहे. "पोरं नुसतं बघूनच ताठ होतील."

"ताठ होतील म्हणजे पळणार कशी?" बेकरीवाली म्हणाली. "त्याचं पोट बघितलंस का? चेंडू आणि तो शेजारी ठेवले तर रेफरी गोंधळेल."

ब्रेकला मदतनीस कोच हवा होता. "त्याला सगळं माहीत आहे."

"सगळं माहीत असून तळाला गेलो ना?"

असं बराच वेळ चाललं. भोंगा खाली मान घालून वेत ओवत होता. मधेच बेकरीवाली म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताई आहे की आपली."

भोंग्याच्या हातातली पट्टी भोकातच अडकली.

ब्रेक म्हणाला, "ताई चांगलीच आहे, पण मोठे पुरुष ऐकतील का बाईचं?"

"तुझ्याकडे गाडी शिकायला मोठे पुरुष येतात. तुझं ऐकतात का?" बेकरीवालीनं विचारलं.

"नाही ऐकत."

"मग झालं."

सगळे हसले आणि सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, बाप आहे, छाती फुगवेल. आणि खरं सांगायचं तर फुगलीच होती त्याची छाती. पण लगेच त्याला ती म्हातारी दिसली, पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरताना. त्याच्या मनात आलं, उद्या दोन मॅच हरलो की हेच लोक, याच खुर्च्यांवर बसून, माझ्या लेकीला काय काय बोलतील? आणि स्टँडमध्ये? तिथे कोण काय बोलतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? अर्धं तर त्यानंच शिकवलेलं.

"नको," तो म्हणाला. "तिला जमायचं नाही."

"का हो?" पोस्टमननं विचारलं.

"लहान पोरांचं वेगळं. ही मोठी माणसं. ती हळवी आहे. पहिल्याच मॅचला मोडेल. क्लब बुडवायचा असेल तर खुशाल घ्या तिला." आणि बोलता बोलता तो उभा राहिला, स्वतःच्या दुकानाचा नियम स्वतःच मोडून. "मी सांगतो, तळाला आहोत ते जमिनीत जाऊ. माझ्या घरातलं माणूस आहे, मला माहीत. नको म्हणजे नको."

मैदानाबाहेर इतकं तो कधी कुणाच्या विरुद्ध बोलला नव्हता. पोस्टमननं ब्रेककडे बघितलं. ब्रेकनं बेकरीवालीकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"भाऊ," ती म्हणाली, "अगदी शंभर टक्के बुडणार म्हणता?"

"लिहून देतो."

"माझं मत ताईला," पोस्टमन म्हणाला.

"माझंही," ब्रेक म्हणाला. दाबलेला पाय त्यानं उचलला.

तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काळजीच्या भरात आपली जीभ काय समजली जाते हेच तो विसरला होता. मग त्यानं घाईघाईनं सुरू केलं, "तसं नाही, पोरगी हुशार आहे, फार हुशार," तर बेकरीवालीनं कानांवर हात ठेवले. "बास भाऊ, आता तारीफ नको. चांगलं चाललंय ते बिघडवू नका." गावभर ही गोष्ट गेली. भोंगा स्वतःच्या लेकीला नको म्हणाला, म्हणजे क्लबचं सोनं होणार. सभासदांनी हात वर केले आणि कमिटीनं मान डोलावली.

ठरलं त्या संध्याकाळी घरी ताई वाट बघत होती. काम मिळालं आणि बाप नको म्हणाला, या दोन्ही बातम्या तिला एकदमच कळल्या होत्या.

"बाबा, मी हळवी आहे?"

भोंगा पायांतल्या चपला काढत राहिला. दोनच चपला, पण वेळ फार लागला.

"सगळ्या गावासमोर म्हणालात, जमायचं नाही. मला आधी विचारायचं तरी."

"अगं, तुला जमेल. जमेल म्हणूनच तर..."

"म्हणूनच काय?"

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बोला ना आता. मैदानात बरा फुटतो आवाज."

मग त्यानं सांगितलं. ती म्हातारी, तिचं पायऱ्या उतरणं, न जेवलेलं ते जेवण, सगळं. "लोकांची तोंडं मला माहीत आहेत. सगळ्यांत घाण माझंच. दुसऱ्याच्या लेकराला बोललो तेव्हा काही वाटलं नाही. आता तुला कुणी बोललं तर मी काय करू?"

ताईचा राग गेला नव्हता, पण पातळ झाला होता.

"मी कुठे बसून मोठी झाले, बाबा? तुमच्या शेजारी. तुमचं बोलणं मला पाढ्यांसारखं पाठ आहे. त्या शिव्या माहीत असूनच मी हे काम शिकले. मला ते नाही लागलं. मला जमणार नाही असं माझ्या बापाला वाटतं, हे लागलं."

"वाटत नाही गं. तोंडातून गेलं."

"तोंडातून तर तुमच्या सगळंच जातं," ती म्हणाली, आणि जरा हसली. "मी काम घेणार आहे. तुम्ही घाबरायचं तर घाबरा, पण माझ्या वतीनं नाही म्हणायचं नाही. माझं नाही मी म्हणेन."

पहिली मॅच आली. भोंगा नेहमीच्या जागी बसला, दातांवर दात दाबून. आपला संघ पहिल्या भागात एका गोलनं पुढे. लोक म्हणाले, बघा, उलटी जीभ लागली. दुसऱ्या भागात ताईनं बचावातला एक पोरगा बाहेर काढला, दुसरा घातला, आणि नेमका त्याच बाजूनं शेवटी शेवटी गोल खाल्ला. बरोबरी. जिंकलेली मॅच हातची गेली. भोंग्याच्या मागून आवाज आला, "कोच झोपलीय का?" ब्रेकचा आवाज. भोंग्यानं बाकाची कड इतकी घट्ट धरली की हाताला वळ उठले. मागे वळला नाही. वळणार कुठल्या तोंडानं?

तिथून तो सरळ दुकानात आला आणि एक अर्धी झालेली खुर्ची पुढ्यात ओढली. त्याला वाटलं, आज कुणी येऊ नये. पण एकेक करून सगळे आले. आले आणि गप्प बसले. मॅचनंतर ते दुकान एवढं गप्प कधीच नव्हतं. बापासमोर लेकीला कसं बोलणार? पोस्टमननं हवेचा विषय काढला. हवा म्हणजे हवाच, आली तशी गेली.

तेवढ्यात ताई आली. बूट चिखलानं भरलेले, गळ्यात शिट्टी तशीच. तिनं एक खुर्ची ओढली.

"ती नको, ओली आहे," भोंगा पुटपुटला.

ती दुसऱ्या खुर्चीवर बसली. "बोला," म्हणाली. "थांबलात का?"

तिनं ब्रेककडे बघितलं. "तू मगाशी काहीतरी म्हणालास. मला खाली ऐकू आलं."

"ताई, ते आपलं... मॅचच्या भरात..."

"झोपलेय का म्हणालास. झोपले नव्हते. चुकले. जो पोरगा घातला तो अजून तयार नाही."

ब्रेकला राहवलं नाही. "मग घातलास कशाला गं? तो मधल्या बचाववाल्याकडे बघतच नव्हता."

"आणि मधला तरी कुठे हाक मारत होता?" बेकरीवाली म्हणाली.

झालं, सुरू. पोस्टमन मधे पडला, ब्रेकचा पाय जमिनीवर आपटायला लागला, ताई एकेकाला उत्तर देत होती. कुठे "बरोबर" म्हणायची, कुठे "हे तुम्हाला तिथून दिसलं नाही" म्हणायची. भोंगा ऐकत होता. एकदोनदा तिला टोचेल असंही कुणी बोललं, आणि त्यानं चोरून तिच्या तोंडाकडे बघितलं. ती मोडली नव्हती. उलट पुढे सरकून बसली होती.

शेवटी तोच म्हणाला, "पोरगा बदलायलाच हवा होता. पण उशिरा बदललास. आधी बदलला असतास तर त्याला रुळायला वेळ मिळाला असता."

ताई त्याच्याकडे वळली. "आधी बदलला असता तर शेवटी पाय दमल्यावर कुणाला घातलं असतं? बाकावर कोण होतं?"

बाकावर कोण होतं हे भोंग्यानं कधी बघितलंच नव्हतं. आयुष्यभर इतक्या कोचवर ओरडला, उत्तर कुणाकडून आलं नव्हतं. त्यानं मागितलंही नव्हतं म्हणा.

"हं," म्हणाला. "मग पुढच्या रविवारी काय करणार?"

"तेच तर ठरवायचंय. सांगा तुम्ही."

तो सांगायला लागला. तिला अर्धं पटलं, अर्धं नाही. जेवायला बोलवायला आई दारात आली, तिच्या हाका कुणाच्या कानावर गेल्या नाहीत. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग आत आली, एका विणलेल्या खुर्चीवरचं धुडकं बाजूला केलं आणि बसली.

"आपल्या त्या गोलकीपरबद्दल मला एक सांगायचंय," ती म्हणाली.