तिसरी खोली आणि जप्तीतली म्हैस

तमाम करदाते, थकबाकीदार आणि वसुली कारकून यांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या म्युनिसिपालिटीने एकदा घरपट्टीपोटी म्हैस जप्त केली आणि त्या म्हशीने सबंध कचेरीला वठणीवर आणले.

गावाचं नाव सांगत नाही. अमरावती-अकोला रस्त्यावर आहे, एवढं पुरे. वसुली कारकून मी. जप्तीही माझ्याच हातची.

म्हैस अनसूयाबाई माळणीची. बाईची भाजीची वाडी होती, पण उन्हाळ्यात विहीर आटली की घर चालायचं ते म्हशीवरच. तिची तीन वर्षांची घरपट्टी थकली होती. कर भरला नाही की वस्तू उचलायची, आठ दिवस वाट पाहायची आणि लिलाव पुकारायचा, याला जप्ती म्हणतात. लिलाव पुढच्या बाजाराच्या दिवशी ठरला.

म्हैस कचेरीमागच्या कोंडवाड्यात बांधली. संध्याकाळी शिपाई किसन धार काढायला बसला आणि लाथ खाऊन उठला. शेवटी अनसूयाबाईलाच बोलवावं लागलं. ती रोज दोन्ही वेळा येई, धार काढी. जप्तीतल्या जनावराचं दूधही जप्तीतलं, म्हणून चरवी कचेरीत ठेवी आणि जाताना माझ्या खिडकीशी थांबे.

"बाबू, माह्या घराले खोल्या किती?"

मी रजिस्टर पाहून सांगे, "तीन."

"दोन हायेत. तिसरी दाखव अन् पैसे आजच घे."

"हरकतीचा अर्ज द्यायचा होता, बाई."

"तीन डाव देला. काहून वाचला नाही?"

कपाट उघडलं. तिन्ही अर्ज एकाच टाचणीत गुण्यागोविंदाने नांदत होते. सुनावणी एकाचीही नाही. आमची रीतच तशी होती: आधी भरा, मग भांडा.

सातव्या दिवशी मी टाचणीसकट अर्ज सेक्रेटरीसाहेबांपुढे ठेवले. साहेब अकोल्याहून नवेच आलेले. म्हणाले, "चला, खोली पाहून येऊ."

घर पाहून कर ठरवणं म्हणजे असेसमेंट. आमच्या माणसानं घर पाहिलं होतं, नाही असं नाही. पण भर श्रावणात, चिखल चुकवून, रस्त्यावरूनच. आता चैत्र होता. अंगणात चार बांबू उभे होते आणि वर एक वाळका दोडका लोंबत होता. श्रावणात त्याच वेलानं चारी बाजूंनी हिरव्यागार भिंती घातल्या असणार!

अनसूयाबाईनं दोडका तोडून माझ्या हातात ठेवला. "घे बाबू, खोलीची किल्ली."

साहेबांनी तिथंच अंगणात उभ्या उभ्या हुकूम लिहिला. खोली रद्द. यापुढे हरकत आली की आधी घरी जाऊन सुनावणी, वॉरंट नंतर. पुढे मी टेप घेऊन दारोदार हिंडलो. वर्षानुवर्षं अडलेली माणसं मोजमाप होताच पैसे आणून देत. लोकांचा राग करावर कमी, बंद कपाटावर जास्त असतो, हे मी नोकरीत एवढ्या उशिरा शिकलो.

आठव्या दिवशी सकाळी अनसूयाबाईनं पदराची गाठ सोडून दोन खोल्यांची पट्टी मोजली. मी पावती दिली आणि सवयीनं म्हटलं, "वैरणीचा खर्च राहिला."

"घे ना. पण आठ रोजचं दूध कुठं गेलं?"

साहेब ताडकन उठले. "बरोबर आहे. दूध विकून पैसे बाईंच्या नावावर जमा करायचे असतात. कोणी नेलं दूध?"

सगळ्या माना रजिस्टरात. दारात ट्रे घेऊन उभा असलेला किसन मात्र गोंधळून बोलून गेला, "साहेब, मंग तुमी आठ रोज चहात काय पेले?"