भडंगाशिवाय आलेली पेटी

पेटी उघडली आणि आत भडंग नव्हतं.

आधी वाटलं, स्कोपच्या खाली गेलं असेल. स्कोप उचलून बाजूला ठेवला, मीटर काढला, वायरींचं भेंडोळं झटकलं, तळाचा वर्तमानपत्राचा कागदही उचलून पाहिला. एक शेंगदाणासुद्धा नाही. सांगलीहून पेटी यावी आणि तिला लसणाचा वास नसावा, असं तोवर कधीच झालं नव्हतं.

"इसरला आसंल," नाना म्हणाले.

मी हो म्हटलं. पण तळाचा कागद परत एकदा उचलून पाहिला.

मैत्रिणी मला नेहमी विचारतात, तुमच्या त्या मंडळातच हे असले प्रकार कसे घडतात गं? घडत नाहीत, साठतात. तीन गावांत मिळून एकच पेटी असली की सामानापेक्षा गोष्टीच जास्त फिरतात. त्या दिवशी रिकामी पेटी समोर ठेवून बसले, तेव्हा एकेक आठवत गेली.

* * *

मंडळ नानांनी काढलं. नाना मूळचे उंब्रजचे, लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे बिनतारी संदेशाच्या खात्यातून, निवृत्त होऊन साताऱ्यात आलेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की गावाला काय पाहिजे ते गावात राहणाऱ्यालाच कळतं, तेव्हा ते बनवावंही त्यानंच. "नगरपालिका कवा करंल म्हणून बसलो तर म्हातारं हून जाऊ. मी तर झालोयच."

वाईला त्यांना एक गुरुजी भेटले. सकाळी पूजा सांगायची आणि दुपारी रेडिओ उघडायचे, असे. अंधार पडला की घाटावरचे दिवे आपोआप लागावेत, या खटपटीत ते होते. सांगलीला शिरीष भेटला. वडिलांचं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान सांभाळायचा. आणि साताऱ्यात मी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि शिटी झाली तरी कुकरपासून दोन पावलं मागे सरणारी.

प्रत्येकाला सगळी हत्यारं घेणं शक्य नव्हतं. म्हणून एक पत्र्याची पेटी केली. तिच्यात लष्करी लिलावातला जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, एक चांगला मीटर, तारांना डाग देणारी सोल्डरिंगची बंदूक आणि चिपांची जाडजूड पुस्तकं. ज्याला गरज, त्याच्याकडे पेटी एस्टीनं जायची.

नियम एकच, आणि तो माझ्या आईनं घातलेला. शेजारणीचा डबा कसा आपण रिकामा परत करत नाही, तशी पेटीही रिकामी पाठवायची नाही.

म्हणून साताऱ्याहून कंदी पेढे जायचे, सांगलीहून भडंग यायचं. गुरुजींनी पहिल्याच खेपेला सत्यनारायणाचं तीर्थ पाठवलं. बाटलीचं बूच वाटेत कुठेतरी निघालं. पेटी उघडली तर स्कोपवर तुळशीचं पान चिकटलेलं आणि आतून दह्यामधाचा वास.

मला रडूच आलं. नानांनी स्कोप उन्हात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता लाईन सरळच दिसणार बघ. अभिषेक झालाय."

आणि खरंच, तो चालू झाला.

* * *

मी बनवली ती नळाची बेल. नळाच्या तोंडात दोन तारा, पाणी टेकलं की बेल वाजणार. कारण आमच्याकडे पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, पण ते पाहुण्यासारखं, न सांगता. बायका नळापाशी बसून बसून कंटाळायच्या.

सांगलीत शिरीषनं तेच सर्किट घेतलं आणि तारा घाटाच्या पायरीवर लावल्या. नदी तिथवर चढली की बेल. सर्किट एकच, पेटीही एकच. फरक एवढाच, की साताऱ्यात वाजली की बायका हंडे घेऊन धावतात, आणि सांगलीत वाजली तर माणसं गाद्या माळ्यावर टाकतात.

हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. पावसाळ्यातला दिवस. आमच्या नळाची बेल पहिल्यांदा बरोबर वाजली आणि मी आनंदानं सांगलीला फोन लावला. तिकडे शिरीषच्या आईनं उचलला. फोनवर अनोळखी बाई आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. नाव सांगायचं राहिलं, नमस्कार राहिला. मी एवढंच म्हटलं, "साताऱ्याहून बोलतेय. पाणी आलं." आणि घाबरून ठेवून दिला.

आता कृष्णा वाहते वरून खाली, साताऱ्याकडून सांगलीकडे. सातारची बाई पावसाळ्यात घाईघाईनं असं सांगते म्हटल्यावर काकूंनी काय समजायचं? त्यांनी आधी टीव्ही वर चढवला, मग गाद्या, मग धान्याचे डबे. गल्लीला सांगितलं, गल्लीनं पुढच्या गल्लीला.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "अगं बाई, कुठवर आलंय?"

मी म्हटलं, "दोन हंडे आणि एक घागर भरली."

त्या दिवसापासून मंडळात ठराव झाला, की फोनवर 'पाणी आलं' हे शब्द उच्चारायचे नाहीत. सातारकरांनी 'नळ आला' म्हणायचं आणि सांगलीकरांनी 'नदी आली'. आणि काकूंनी माझं नाव ठेवलं ते पाणीवाली. मंजिरी हे नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

* * *

बेल मात्र चुकीची मिळाली होती. बाजारात तेव्हा सगळीकडे चिमणीच्या आवाजाची बेल. आमच्या दारालाही तीच आणि नळालाही तीच. ची-ची झालं की घरात कुणालाच कळायचं नाही, दार उघडायचं की बादली घ्यायची. आई नेहमी बादलीच घ्यायची. तिचं म्हणणं, माणूस थांबतो, पाणी थांबत नाही.

मला बघायला कराडची मंडळी आली, तेव्हाही हेच झालं. त्यांनी बेल वाजवली. आई ओरडली, "पाणी आलं गं!" साड्या खोचून आई, आत्या आणि नटलेली मी नळाकडे. नळ कोरडा. पाहुणे दारात. त्यांनी परत वाजवली, आम्ही परत हंडा सरकवला. शेवटी मुलाचे वडील खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, "पाणी नंतर द्या, आधी आत तर घ्या."

मी इतकी दचकले की हातातली बादली सुटली. गडगडत गेली ती दारातून पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या अंगठ्यावर.

निरोप आला, मुलगी बरी आहे पण फार दचकते.

हे सगळं मी शिरीषला फोनवर सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, "बरं झालं."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. लांबच्या फोनचा मीटर मात्र पळत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "बेलची चाचणी झाली, असं म्हणायचं होतं."

* * *

पाहिलं नव्हतंच आम्ही एकमेकांना. त्याच्याकडून पेटी येते आणि माझ्याकडून जाते, एवढीच ओळख. पण पेटी आली की कळायचं, की त्यानं वायरी कशा गुंडाळल्यात, सोल्डरच्या बंदुकीचं टोक घासून पुसून ठेवलंय, पुस्तकात खूण म्हणून आगगाडीचं तिकीट घातलंय. मीही मग वायरी तशाच गुंडाळायला लागले. फोन रविवारी व्हायचा, कारण रविवारी दर कमी. सोमवारपासून पुढचा रविवार इतका लांब दिसायचा, की मधल्या वारांची नावं कुणी आणि कशाला ठेवली, असं वाटायचं.

एकदा त्यानं विचारलं, तुम्ही कशालाच दचकत नाही असं काही आहे का? मी विचार केला. आमचा नवा बटणांचा फोन किंचाळतो, दाराची चिमणी किंचाळते, एस्टीचा हॉर्न तर विचारूच नका. मग आठवलं. लहानपणी शेजारच्या आजोबांकडे काळा, गोल चकतीचा फोन होता. त्याची घंटा. ट्रिंग-ट्रिंग. ती वाजली की मला उलट बरं वाटायचं, कुणीतरी आठवण काढतंय असं.

"आमच्या घरी तसलाच आहे," शिरीष म्हणाला. "आता तुम्ही फोन केलात तेव्हा वाजला तो."

गंमत बघा. मी इतक्यांदा तो वाजवला होता आणि मला कधीच ऐकू आला नव्हता.

* * *

नानांचा किस्सा सांगायचा राहिला. सांगलीच्या घाटावर बसवायची बेल घेऊन नाना पेटीसकट निघाले. कराडच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली आणि पेटीतली चिमणी सुरू झाली. थांबेना. सगळी एस्टी वाकून सीटखाली बघायला लागली.

एक म्हातारी नानांना म्हणाली, "आवं, पाखरू कोंडून का नेताय? पाप हाय. सोडा त्येला."

नाना म्हणाले, "पाखरू न्हाई आजी, मशीन हाय. नदीला बोलायला शिकवाय चाललोय."

म्हातारीनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग कंडक्टरला म्हणाली, "ह्यास्नी म्होरं दवाखान्यापाशी उतरवा."

नाना लष्करातले, त्यामुळे कुठलंही बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायची त्यांना सवय. ऐकून ऐकून मलाही लागली. शिरीषच्या फोनच्या शेवटी मी ओव्हर म्हणायचे, आणि तो म्हणायचा, "अजून नाही."

* * *

शेवटचा फोन झाला तो असा. शिरीष घाईत होता. म्हणाला, "तुमच्या नळासाठी वेगळा आवाज सापडलाय. चिमणी नको. पण तो पार्सलनं पाठवता येणार नाही, कारण—"

आणि लाइन तुटली. मी मेलेल्या फोनला ओव्हर म्हटलं.

मग पेटी आली, ती ही अशी, भडंगाशिवाय. आवाजही नाही, भडंगही नाही.

संध्याकाळी नाना सहज बोलले. त्यांना सहजच बोलता येतं सगळं. "सांगलीच्या पोराचं जमतंय म्हनं कुटंतरी. गुरुजी सांगत हुते. इट्याचं स्थळ हाय. सोनं गाळनाऱ्या गलाईवाल्यांची लेक, लांब मद्रासकडं त्यांची सोन्याची दुकानं हायत. पोरगा बी तिकडंच जानार आसंल."

आई चहा गाळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग पेटी तरी वेळेवर परत केली म्हणायची."

परत केली. हा शब्द मला तोपर्यंत सुचला नव्हता. शेजारीण गाव सोडून जाताना डबे परत करते, ते रिकामेच असतात. तिला माहीत असतं, आता ये-जा संपली.

* * *

रविवारची मी वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी फोन लावला. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. संध्याकाळी लावला. रिंग. तिसऱ्या दिवशी आई देवळात गेली तेव्हा लावला. रिंग जात राहिली. माझ्या मनात सांगलीच्या त्या घरातली ट्रिंग-ट्रिंग वाजत होती आणि सगळे तिच्याभोवती बसून ऐकत होते, पाणीवालीचा असेल, वाजू दे, असं म्हणत. मग वाटलं, घर बंद करून सगळे विट्याला गेले असतील, साखरपुड्याला.

नाना म्हणाले, "पोरी, तिकडचा सेट बंद आसंल. सिग्नल पोचत न्हाई म्हंजी मानूस न्हाई, आसं नसतं."

पण रिंग तर जात होती. सिग्नल पोचत होता. हेच तर दुखत होतं.

रविवार आला. दुपार होत आली होती. सकाळचं पाणी येऊन गेलेलं, संध्याकाळच्या पाण्याला अवकाश. आई मागे भांडी पालथी घालत होती. मी ठरवलं, हा शेवटचा. पेटी पुढ्यात घेतली, तिच्यावर फोन ठेवला आणि नंबर दाबला.

रिंग. रिंग. रिंग. मी ठेवणारच होते, इतक्यात मध्येच खट्ट झालं आणि काकूंचा आवाज आला.

"हॅलो? कोण आहे?" त्याच दचकल्या होत्या. "अगं बाई, यात माणूस आहे! मी आपला बहिणीला फोन लावायला उचलला."

"काकू, मी मंजिरी. साताऱ्याहून."

"कोण, पाणीवाली?" त्या हसल्या. "तू किती फोन केलेस गं? आमच्याकडे वाजलाच नाही. वाजणार कसा? पेटी पाठवली त्याच दिवशी शिरीषनं घंटा काढली आतली. विट्याचे लोक फोन करकरून थकले म्हणे. मी म्हटलं, अरे, चालू फोनची घंटा कुणी काढतं का? तर फडक्यात गुंडाळली, पिशवीत भडंगाचा डबा, आणि आज सकाळच्या गाडीनं गेलासुद्धा."

"कुठे गेले?"

काकू काहीतरी म्हणाल्या, पण मला ऐकू आलं नाही. कारण त्याच वेळी बेल वाजली. ची-ची. मी दचकले नाही.

मागून आई बादली घेऊन धावली. "मंजे, पाणी आलं गं!"