बिघडलेलाच ट्रॅक्टर दाखवा!

आबांच्या डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली होती, तेवढ्यात मी त्यांचा ट्रॅक्टर विकून टाकला.

हेतू चांगला होता. (माझे सगळे गुन्हे चांगल्या हेतूनेच झाले आहेत!) बत्तीस वर्षांचा ट्रॅक्टर. सेल्फ मेलेला, ब्रेक फक्त डावा लागायचा, लिफ्ट मनात आलं तरच नांगर उचलायची. रात्री उतारावर लावायचा, सकाळी चाकाखालचा दगड काढून देवाचं नाव घ्यायचं! बहात्तराव्या वर्षी हे खेळ कशाला? आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे शहरात, छावणीत आले आणि मी तिकडे गावी, देवगाव रंगारीत कारभार उरकला.

पट्टी निघाली. आबा गावी गेले आणि स्वच्छ नजरेने त्यांनी पहिल्यांदा रिकामा उतार पाहिला.

आईचा फोन आला. "काय करून बसलास रं? जेवत्यात, झोपत्यात. तुझं नाव काढलं की उठून गोठ्यात जात्यात!"

तीन महिने आबा बोलले नाहीत. पूर्वी रोज सकाळी फोन करून ट्रॅक्टरची तब्येत सांगायचे. "आज लई काळा धूर टाकतोय." मी दाढी करता करता 'हं, हं' करायचो. आता मुक्या फोनकडे बघत दाढी करताना दोनदा गाल कापून घेतला!

शेवटी पडेगावला, जुने ट्रॅक्टर विकणाऱ्या रफिकभाईंकडे गेलो. आमचा ट्रॅक्टर मी त्यांनाच विकला होता, पण तो केव्हाच परभणीकडे गेला होता. म्हटलं, तसलाच दुसरा दाखवा.

रफिकभाईंनी एक सुरू केला. एका सेल्फमध्ये!

"हा नको."

"ब्रेक देखो साब, मक्खन!"

"दोन्ही लागतात?"

"हौ!"

"मग नकोच."

रफिकभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "क्या साब, लोगां चालू गाडी ढूंडते, तुम बिगडेली कायकू ढूंड रहे?" मग माझा हात कोपऱ्यातल्या ट्रॅक्टरकडे गेलेला पाहून ओरडले, "वो नक्को! तेल पीता, घडी घडी पाइप में हवा पकडता!"

मी त्या ट्रॅक्टरला मिठीच मारायची बाकी होती.

सकाळी निघालो, वाटेत नऊ वेळा बंद पडलो आणि दुपार कलल्यावर घरापुढे दहाव्यांदा. आबा ओट्यावर होते. उठून गोठ्यात गेले नाहीत. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली.

"आपला नाय ह्यो."

"नाय, आबा."

"बाराचा पान्हा दे."

मी चौदाचा दिला.

"गाढवा, बारा म्हणलो ना!"

तीन महिन्यांनी वडील माझ्याशी बोलले! डोळे असे भरले, की पुढचाही पान्हा चुकीचाच दिला.

आबांनी डिझेलच्या पाइपचा नट सैल केला, अडकलेली हवा काढली, नट आवळला. ट्रॅक्टर धडधडला, पुन्हा बंद म्हणून पडला नाही. आबा हात पुसत घरात गेले आणि पुन्हा गप्प झाले. संपलं सगळं?

तर आता कबूल करतो. तेव्हापासून मी दर रविवारी गावी जातो आणि आबा आंघोळीला गेले, की तो नट हळूच सैल करून ठेवतो. मग दुपारपर्यंत आबा ट्रॅक्टरला, मला आणि रफिकभाईंना शिव्या देत राहतात. इतकं सुख मला कशातच नाही.

गेल्या रविवारी आबा नट आवळता आवळता थांबले. "सोमवार ते शनिवार घड्याळावाणी चालतोय बघ. तू आलास की बंद! लई वाईट पायगुण हाय तुझा."

मी मान खाली घातली.

"पुढच्या रविवारी जरा लवकर ये."