दिलावरभाईंचा खर्ज

आवाज तपासायची वेळ झाली की दिलावरभाई आधी पंखा बंद करायचे. सांगलीतला मे महिना, वर पत्रा, अंगातून घामाच्या धारा, आणि हे आपले डोळे मिटून बसणार. मी वैतागायचो. "गड्या, घाम पुसता येतोय, खरखर न्हाई पुसता येत," म्हणायचे.

मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या घरातला हा माणूस इंजिनिअर झाला आणि आमच्या छोट्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे प्रोग्रॅम लिहू लागला. मी फलटणचा, त्यांच्या हाताखाली तपासणीला. तारेचं एक कंपन घ्यायचं, त्याच्या लहरीवरचे ठिपके, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या उंचीचे आकडे, चिपमध्ये साठवायचे आणि चिपने तेच पुनःपुन्हा वाचायचं, असं ते काम. ठिपके थोडे घेतले तर आवाज पायऱ्यापायऱ्यांनी जातो आणि खरखरतो. जास्त घेतले तर चिपमधली जागा संपते. दोन ठिपक्यांच्या मधली किंमत हिशेबाने काढता येते, पण चार तारा एकदम वाजवताना त्यात चिपची दमछाक होते.

नव्या यंत्रात भाईंनी ठिपके कमी घेतले आणि मधला हिशेबही गाळला. "कशाला पायजे? साफ वाजतंय की."

मी कान लावला. खर्जाच्या तारेमागे बारीक खरखर होती, सांडलेल्या रव्यावर पाय पडावा तशी. माल त्याच दिवशी जायचा होता. सांगावं, तर ज्या कानावर भाई उभं आयुष्य जगले तोच गेला म्हणण्यासारखं. न सांगावं, तर गाणाऱ्याच्या मानगुटीवर ती खरखर कायमची.

"भाई, खरखर हाय," शेवटी बोललो.

"कुठं रं?"

मी स्क्रीनवर लहर दाखवली. पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा पाहिलं. "डोळ्याला दिसतंय," हळूच म्हणाले, "कानाला न्हाई येत." मला तिथं उभं राहवेना. चहा आणायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

परत आलो तर भाई मधला हिशेब लिहायला बसले होते. मालक तणतणत होते, "आवं भाई, टेम्पो दारात उभा हाय."

"उभा ऱ्हाऊ दे."

चिपला पेलेना, तेव्हा अर्धा प्रोग्रॅम मोडून पुन्हा लिहिला. संध्याकाळी खर्ज लागला तो तुपासारखा. भाईंना मात्र आधीचा नि आताचा सारखाच.

"खरखर गेली, भाई."

"खरंच का मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच."

"मग जाऊ दे माल."

त्या महिनाअखेर त्यांनी काम सोडलं. कुणी कारण विचारलं की माझ्याकडे बोट दाखवून सरळ सांगायचे, "माझं कान गेलं. पोराचं चांगलं हायत."

मी त्यांचा पोरगा नव्हतो.